चकमकीची लांब बंदूक: पहिली प्रतिकृती निवडताना आणि घडवताना

अठराव्या शतकातल्या युरोपात बंदुकांची दोन घराणी शेजारी-शेजारी वाढली. एक पलटणीची. जाड दस्ता (बंदुकीचं लाकडी अंग), मोठी कळ (ठिणगी पाडून दारू पेटवणारी यंत्रणा), पुढे संगीन बसवायची सोय. कंपनी सरकारच्या फौजेने इकडे वापरलेली ‘इंडिया पॅटर्न’ ही ३९ इंची नळीची बंदूक याच घराण्यातली. दुसरं घराणं पाखरांच्या शिकारीच्या बंदुकांचं. या बंदुका खासगी माणसाने कारागिराकडून स्वतःच्या मापाने करवून घेतलेल्या, नळी लांब, अंग सडपातळ आणि वजन तीन किलोच्या आत-बाहेर. इंग्रजीत त्यांना फाउलर म्हणतात. हा लेख या दुसऱ्या घराण्यातल्या बंदुकीची न उडणारी, भिंतीवर किंवा प्रदर्शनात ठेवायची प्रतिकृती पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

सांगली-साताऱ्याकडे शस्त्रांची आवड असणारे बरेच जण तलवार, पट्टा, भाला यांच्या पलीकडे जात नाहीत. बंदुकीचं काम अवघड, असं त्यांना वाटतं. अवघड आहेच, पण त्यातलं ऐंशी टक्के काम सुतारकाम आहे, आणि चांगलं सुतारकाम आपल्या भागात शिकायला मिळतं. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे. हत्यारांचं काम ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे घराणं तंतुवाद्यांकडे वळलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड पातळ करत नेणं, खरवडणं, लाखेचं पॉलिश चढवणं हे सगळं त्या गल्लीत उघड्यावर चालतं. एक दुपार तिथे काढा, परवानगी घेऊन नुसतं बघा. या लेखातला निम्मा भाग तुम्हाला आधीच कळलेला असेल.

आधी कायदा

इथे कुठलीही सूट नाही. ठासणीची असली तरी उडणारी बंदूक म्हणजे अग्निशस्त्र, आणि शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे तिला परवाना लागतो. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, पण ती शेतकऱ्यासाठी आहे, छंदासाठी नाही. त्याच कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणून परदेशी दुकानातून नळी, कळ किंवा अख्खा संच मागवण्याच्या फंदात पडू नका. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता पाखरांच्या शिकारीचा विषयच उरलेला नाही. ही बंदूक आपण करतो ती तिच्या घडणीसाठी.

नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं हाही परवान्याशिवाय गुन्हा आहे. भारतातून परदेशी जाणाऱ्या कितीतरी प्रतिकृतींना खरी पोकळ नळी असते, फक्त बत्तीचा कान, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग नेणारं बारीक भोक, पाडलेला नसतो. घरी ठेवण्यासाठी ती जात नको. आपली प्रतिकृती अशी हवी की कुणी मनात आणलं तरी तिची बंदूक होऊ नये: नळी भरीव, तोंडाशी फक्त दोन इंच भोक, कान अजिबात नाही, कळीत ठिणगी पाडण्याची ताकद नाही. काम सुरू करण्याआधी आराखडा घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारणा करा आणि उत्तर लेखी घ्या. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा शाळेच्या प्रदर्शनात न्यायची असेल तर पोलीस ठाण्यात आधी कळवा आणि वाटेत ती कापडी खोळीतच ठेवा.

आणखी एक. वाड्याच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची जुनी बंदूक सापडली तर तिच्यावर हात साफ करू नका. तिचा गंज, तिची काळवंडलेली लाख हाच तिचा इतिहास असतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, तिला वेगळे नियम आहेत. पॉलिशपेपर तिच्या जवळपासही नेऊ नका.

कोणती बंदूक करायची

काळ आणि प्रदेश ठरवल्याशिवाय लाकूड विकत घेऊ नका. नवशिक्याची प्रतिकृती सगळ्यात जास्त इथे फसते. नळी १७३० ची, कळ १८०० ची, कुंद्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, पाटी कुठल्या तरी तिसऱ्याच देशाची. प्रत्येक भाग सुंदर असतो आणि बंदूक मात्र कुठलीच नसते.

चार ढोबळ जाती लक्षात ठेवा. इंग्लंडची फाउलर, १७५० च्या आसपासची: ४२ ते ४६ इंच नळी, मागचा भाग अष्टकोनी, पुढे गोल, दोन्हींच्या सांध्यावर कोरलेली कडी, सौम्य उताराचा कुंदा. फ्रान्समधल्या तुल गावाची शिकारी बंदूक, जी कॅनडाच्या वसाहतीत गेली: तिचा कुंदा खालून वाकलेला, गाईच्या खुराच्या आकाराचा. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यातल्या डच वसाहतवाल्यांची बंदूक: नळीच पन्नास इंचांच्या पुढे, अख्खी बंदूक माणसाहून उंच. आणि १७९० नंतरची इंग्लिश बंदूक, आखूड नळीची, सरळ रेषांची. १७८७ मध्ये हेन्री नॉक या लंडनच्या कारागिराने नळीच्या बुडाची नवी रचना पेटंट केली. त्यामुळे दारू लवकर पेट घेऊ लागली आणि लांब नळीची गरज कमी झाली. चकमकीचा काळ संपला तोही पाखरांमुळेच. कळीतला भपका बघून पक्षी बार सुटायच्या आत उडतात, ही अडचण अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाला खटकत होती. आघाताने पेटणाऱ्या दारूचं त्याचं पेटंट १८०७ चं.

पहिल्या कामाला मी एकच जात सुचवतो: १७५० ची साधी इंग्लिश फाउलर, ४२ इंच नळी, पितळी साज, नक्षी शून्य. फ्रेंच कुंद्याची वळणं चुकली की लगेच दिसतात. हडसनवाल्या बंदुकीला एवढं लांब सरळ लाकूड मिळत नाही. नव्या इंग्लिश बंदुकीत जोडकाम इतकं नेटकं असतं की केसाएवढी फटही दडत नाही.

कळीचा आकारही काळाप्रमाणे निवडा. १७५० पर्यंतच्या कळीची पाटी फुगीर आणि खालच्या कडेने किंचित वाकलेली असते. नंतरची पाटी सपाट, सरळ, कडा तासलेली. फाउलरसाठी पाटीची लांबी साडेपाच ते सहा इंच. पलटणी बंदुकीची मोठी कळ या नाजूक दस्त्यावर बसवली की सगळा डौल गेला.

चित्रावरून मापं घेण्याआधी खऱ्या जुन्या बंदुका बघून या. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं संग्रहालय दोन्ही एका दिवसाच्या अंतरावर आहेत. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बंदुका तोड्याच्या असतात, जळत्या वातीने पेटणाऱ्या. तरी बघाच. जुन्या कारागिराने लाकूड किती बारीक ठेवलं आहे ते कपाटाच्या काचेतूनही कळतं. नळीच्या कडेला लाकडाची जाडी बघा, मनगटाची, म्हणजे हात धरतो त्या बारीक भागाची, जागा बघा, कळीभोवती किती लाकूड सोडलंय ते बघा.

लाकूड

मूळ बंदुका अक्रोडाच्या. आपल्याकडे मोठी, कोरडी अक्रोडाची फळी मिळणं कठीण आणि महाग, म्हणून पर्याय बघू.

सागवान वजनाला अक्रोडाच्या जवळ, टिकाऊ, वखारीत सहज मिळणारं. त्याचे तोटे दोन. त्यात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. आणि बारीक कडा ठिसूळ निघतात. शिसव देखणी, पण चांगलीच जड, आणि तिची धूळ अनेकांना बाधते. मास्कशिवाय घासू नका. पावतीशिवाय शिसव घेऊही नका. तून, म्हणजे सतारीच्या दांडीचं लाकूड, हलकं आणि कोरायला गोड, रंगही तांबूस. पण मऊ असल्याने कळीभोवतीच्या कडा दबतात. बाभूळ चिवट खरी, तिला पाच फूट सरळ शोधून दाखवा. आंब्याला कीड लागते.

पहिल्या दस्त्याला सागवान घ्या. पाच फूट लांब, सात इंच रुंद, सव्वादोन इंच जाड फळी, गाठ नसलेली. जुन्या घराची तुळई किंवा दाराची चौकट मिळाली तर उत्तम. ती आधीच पन्नास-साठ पावसाळे काढून शांत झालेली असते. फक्त आतले खिळे शोधून काढा.

फळी निवडताना रंग शेवटी बघा. आधी शिरा बघा. मनगटाच्या जागी शिरा लाकडाच्या लांबीने वाहत गेल्या पाहिजेत. तिथे त्या आडव्या कापल्या गेल्या तर बंदूक पडल्या पडल्या मोडेल. कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढा, कापून फळीवर ठेवा आणि शिरांप्रमाणे सरकवत जा. यासाठी एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

नळी आणि कळ

प्रतिकृतीची नळी कशाची, हा प्रश्न वजनाचा आहे. मागे ३० मिलिमीटर आणि तोंडाशी २० मिलिमीटर अशी निमुळती, ४२ इंच लांबीची भरीव पोलादी सळी चार किलोच्या वर जाते. नुसती नळीच अख्ख्या खऱ्या फाउलरहून जड. तीच भरीव अ‍ॅल्युमिनियमची केली तर वजन दीड किलोच्या आसपास येतं, आणि खऱ्या पोकळ नळीचं वजनही साधारण तेवढंच असे. त्यामुळे हातात धरल्यावर तोल खरा वाटतो. माझं मत स्पष्टपणे अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने आहे. त्यावर गंजाचा तपकिरी रंग चढत नाही ही खंत करू नका. १७५० च्या नळ्या बऱ्याचदा उजळच ठेवत. तपकिरी नळीची चाल त्या शतकाच्या शेवटी पसरली.

लेथवाल्याला चित्र द्या आणि तीन गोष्टी नीट समजावा. मागचा एक तृतीयांश भाग अष्टकोनी. पुढे गोल, पण उतार एकसारखा सरळ नको, मधे किंचित बारीक आणि तोंडाशी केसभर फुललेली. तोंडाचं भोक सोळा मिलिमीटरच्या आसपास, खोली फक्त दोन इंच. जुन्या हिशेबात हा वीस बोर झाला. एका पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतात तो बोरचा आकडा, म्हणून आकडा वाढला की भोक लहान.

कळीच्या पाटीला पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी पुरते. घोडा आणि त्याच्यासमोरची झडप (घोड्यातली गारगोटी जिच्यावर आपटते ती) आठ मिलिमीटरच्या पट्टीतून कापून कानशीने घडवा. कळ हाताने हलवता आली तरी पुष्कळ, आत ताणाची कमान (स्प्रिंग) बसवू नका. झडप साध्या लोखंडाची ठेवा, तिला पाणी देऊ नका, म्हणजे तापवून-विझवून कडक करू नका. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी हवीच. ती दुकानातून आणायची गरज नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत गारगोट्या तयार होतात, माळरानावर फिरताना हव्या त्या आकाराची सापडते.

कुंद्याची पाटी, चापाचं कडं, गजाच्या (नळीत दारू ठासायच्या काठीच्या) कड्या आणि कळीच्या विरुद्ध बाजूची पट्टी पितळेची. मेणाचा किंवा लाकडाचा नमुना करून द्या, पितळेचं ओतकाम करणारे सांगली, मिरज आणि कुपवाडच्या पट्ट्यात आहेत. नमुना दोन टक्के मोठा करा, पितळ थंड होताना आकसतं.

घरं पाडणं

सुताराच्या भाषेत धातूचा भाग लाकडात बसवायची खाच म्हणजे घर. क्रम मोडू नका. आधी नळी, मग गजाची पन्हळ, मग कळ, मग चाप, मग कुंद्याची पाटी, शेवटी कडं आणि बाजूची पट्टी. प्रत्येक पुढचा भाग आधीच्या भागावरून जागा घेतो.

नळीच्या खालच्या अंगाला तेलात कालवलेलं काजळ पातळ लावा. नळी घरात ठेवून हलकेच दाबा, उचला. जिथे काळं लागलं तेवढंच लाकूड तासा. पुन्हा काजळ, पुन्हा दाबा. कंटाळवाणं आहे आणि याला दुसरा मार्ग नाही. नळी निम्म्याहून थोडी कमी बुडाली की थांबा. पटाशी दर अर्ध्या तासाने दगडावर फिरवा. बोथट पटाशी सागवानात कापत नाही, कडा उचकटते.

गजाची पन्हळ नळीच्या शक्य तितकी जवळ हवी. दोघांमधे तीन मिलिमीटर लाकूड पुरतं. नवशिके घाबरून सात-आठ ठेवतात आणि मग पुढचा सगळा दस्ता उंच, बेढब होतो. तो पुढे कितीही घासला तरी सुधारत नाही. खऱ्या बंदुकीत गज दस्त्याच्या आत खोल जातो आणि ते लांब भोक पाडताना गिरमिट भरकटतं. प्रदर्शनाच्या बंदुकीला तीन-चार इंच खोली भरपूर. गज भरीव बांबूच्या सरळ काठीचा करा.

नळी दस्त्याला आडव्या पिनांनी बांधतात. या पिना नळीच्या खाली बसवलेल्या छोट्या पाकळ्यांतून जातात; त्या पाकळ्यांमधली भोकं गोल न ठेवता लांबीच्या दिशेने थोडी लांबट करा. लाकूड हवेप्रमाणे हलतं, नळी हलत नाही. भोकाला जागा नसेल तर दस्ता वाकतो किंवा पिनेपाशी चिरतो.

आकार देणं: इथे हात आखडू नका

या कामात मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट हीच वाटते, म्हणून इथे थांबून सांगतो. फाउलरचं सौंदर्य तिच्या साजात नसतं, काढून टाकलेल्या लाकडात असतं. पहिली प्रतिकृती ओळखू येते ती तिच्या जाडीमुळे. करणाऱ्याने एवढ्या मेहनतीने घरं पाडलेली असतात की आता लाकूड काढताना ते फुटेल अशी भीती वाटते, आणि दस्ता मुसळासारखा राहतो. मग ती जाडी लपवायला नक्षी, पितळी फुलं, चांदीच्या तारा. काही उपयोग होत नाही.

आकडे समोर लिहून ठेवा. नळीच्या दोन्ही कडांना वर लाकडाची भिंत दोन ते तीन मिलिमीटर. मनगटाची जाडी पस्तीस मिलिमीटरच्या आसपास. कळीच्या पाटीभोवती सपाट पट्टा तीन-चार मिलिमीटर, त्याहून रुंद नाही. चापापासून कुंद्याच्या पाटीपर्यंत साधारण साडेतेरा इंच, पण हे माप तुमच्या हाताचं घ्या. कोपर काटकोनात वाकवून कुंदा कोपराच्या खळीत टेकवा, तर्जनीचं पेर चापावर आलं पाहिजे. त्या काळी गिऱ्हाईकाचं माप घेऊनच दस्ता घडवत.

आधी बाजूचा आकार करवतीने कापा, मग वरून. आता दस्ता चौकोनी दिसेल. चारही कोपरे तासून अष्टकोन करा, मग सोळा कोन, मग गोल. घाईने थेट गोल करायला गेलात तर एक बाजू जड राहते आणि कोणती ते कळत नाही. कोन दिसत असतात तोवर चूक डोळ्यांना सापडते.

खडबडीत कानशीनंतर बारीक कानस, मग खरवडण्याची पोलादी पट्टी. जुने सुतार फुटक्या काचेच्या धारेने खरवडतात, आणि सागवानावर ती पट्टीइतकीच छान चालते. हातमोजा मात्र घाला. दिवसातून दोनदा दस्ता अंगणात नेऊन भिंतीला टेकवा आणि दहा पावलं मागे जा. जवळून सरळ वाटणारी रेष लांबून लाटेसारखी डोलताना दिसते. डोळे मिटून हात फिरवा, मनगटाकडून कुंद्याकडे. बोटांना जिथे अडखळ लागते तिथे अजून लाकूड आहे.

कुंद्याच्या गालावर, नळीच्या शेपटीभोवती (बुडातून मागे येणारी पट्टी), गजाच्या भोकाच्या तोंडाशी लाकूड कमी करताना भीती वाटेल. तिथेच कमी करायचं आहे. कळ काढून ठेवून नका तासू, बसवूनच तासा, म्हणजे धातू आणि लाकूड एका पातळीत येतील. शंका वाटली तर पुन्हा संग्रहालयात काढलेल्या टिपणांकडे बघा. तुमचा दस्ता त्याहून जाडच असेल.

घासणं आणि रंग

पॉलिशपेपर १२० पासून, मग १८०, २४०, ३२०. नेहमी शिरांच्या दिशेने, आणि सपाट भागांवर मागे लाकडी ठोकळा धरून. नुसत्या बोटांनी घासलं की कळीभोवतीच्या कडा गोल होतात आणि सगळं काम बाजारू दिसायला लागतं. २४० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसा. तंतू उभे राहतील. वाळू द्या, ते कापा, पुन्हा पुसा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तंतू उठत नाहीत. मगच रंग.

सांगलीचा माणूस आधी हळदीकडे बघणार. हळदीचा रंग लाकडावर पहिल्या आठवड्यात सुरेख दिसतो, पण उजेडात उडून जातो, म्हणून नको. हिरडा घ्या. महाबळेश्वर-जावळीच्या रानातला हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. त्याची भरड पाण्यात उकळून काढा करा, गाळा, दस्त्यावर पातळ फिरवा, वाळू द्या. दुसरीकडे काचेच्या बरणीत व्हिनेगर घालून त्यात स्टील वूल काही दिवस भिजत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. हे लोखंडाचं पाणी हिरड्यावर लागलं की टॅनिन आणि लोखंड मिळून लाकूड डोळ्यांदेखत करडं-काळं होतं. दाट घेतलं तर कोळसा होईल. भरपूर पाणी घालून पातळ करा आणि आधी त्याच फळीच्या तुकड्यावर बघा. आपल्याला काळी बंदूक नको आहे, शिरांमधे साचलेलं जुनेपण हवं आहे. वाळल्यावर ३२० ने हलकं घासलं की उंचवट्यांवरचा काळेपणा निघतो आणि खळग्यांत राहतो.

यावर ऊब आणायची ती रतनजोतीने. इंग्लंडचे जुने दस्तेवाले तेलाला तांबडा रंग यायला अल्कानेट नावाची मुळी घालत. आपल्या बाजारातली रतनजोत त्याच कामाची. जवसाच्या तेलात आठवडाभर भिजवली की तेल डाळिंबी होतं.

तेल

रंगाच्या दुकानात मागताना बेलतेल म्हणजे डबल बॉइल्ड जवसाचं तेल मागा. घाण्याचं खायचं जवस तेल फार सावकाश वाळतं. रतनजोत याच बेलतेलात भिजवायची. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. फडक्याने भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग वरचं सगळं पुसून घ्या. अगदी कोरडं. पुसायचा आळस केला तर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. एक दिवस जाऊ द्या, सागवानाला दोन, कारण त्याच्या स्वतःच्या तेलामुळे वरचं तेल उशिरा वाळतं. तिसऱ्या हाताला ४०० चा पेपर तेलात बुडवून घासा. निघालेला गाळ सागवानाच्या उघड्या छिद्रांत जाऊन बसतो. आडवं पुसा म्हणजे तो निघून येणार नाही. असे सहा-सात हात झाले की पुरे. चमक आरशासारखी नको, तुकतुकी हवी.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागते. फडकी पाण्याच्या बादलीत टाका किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

मिरजेचं लाखेचं पॉलिश वापरावं का? दिसतं फार छान, पण पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग, आणि ओरखडा दुरुस्त करायला पुन्हा तेच हात लागतात. तेलाचा दस्ता पुढे दरवर्षी घरच्या घरी ताजा करता येतो. पहिल्या कामाला तेलच.

धातू

इथे आपली हवा कामाला येते. तेलाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करा आणि लोखंडाचा रंग जुलै-ऑगस्टमधे. कळीची पाटी आणि घोडा ४०० पर्यंत घासा, साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढा, त्यानंतर उघड्या बोटाने शिवू नका. मिठाचं थोडं पाणी आणि व्हिनेगर यात ओलसर केलेलं फडकं एकदाच फिरवा आणि पडवीत टांगा. रात्रीत बारीक तांबडा गंज धरेल. जाड कापडाने सैल गंज झाडा, पुन्हा फिरवा. काही दिवसांत तो दाट, सारखा तपकिरी होतो. तपकिरीऐवजी काळा हवा असेल तर मधूनमधून भाग पाण्यात उकळा, तांबडा गंज काळ्यात बदलतो. शेवटी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, गरम असतानाच तेल लावा.

पितळ ६०० पर्यंत घासून सोडून द्या. चिंचेने लखलखीत करू नका, त्या काळच्या शांत रंगाला ते शोभत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर बारीक स्कॉचब्राइट लांबीने फिरवा आणि मेण लावा. आडवी एकही रेघ राहू देऊ नका.

जोडणी आणि सांभाळ

घरांच्या आतल्या लाकडालाही तेलाचे दोन हात द्या. लोक हे विसरतात आणि दमट हवा आतून शिरते. स्क्रूच्या दात्यांना थोडं मेण लावून हातानेच बसवा. सगळ्या स्क्रूच्या खाचा लांबीच्या दिशेने आल्या की काम जपून केलेलं दिसतं.

भिंतीवर लावताना बाहेरची, पावसाने ओली होणारी भिंत टाळा. दोन लाकडी खुंट्या, त्यांवर चामडं, एक मनगटाखाली आणि एक पुढच्या कडीखाली. सांगलीत तळमजल्यावर राहत असाल तर ती वरच्या मजल्यावर ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा धातूला पातळ तेल द्या. दिवाळीनंतर पिना सैल झाल्या आहेत का ते बघा आणि दस्त्यावर तेलाचा एक हात फिरवून पुसून घ्या.